गरोदरपणातील खाणेपिणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गर्भवती स्त्रियांकडून, आणि त्याहून अधिक त्यांच्या आया-सासवांकडून, जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात तेवढेच येथे घेतले आहेत. उत्तरे निरोगी गर्भवतीला धरून दिली आहेत. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, जुळी बाळे किंवा आधीच्या गरोदरपणातील गुंतागुंत असेल तर आपल्या डॉक्टरांचे सांगणे या उत्तरांपेक्षा वरचे मानावे. एकाच गोष्टीचे उत्तर दोन ठिकाणी येऊ नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. घरातले सगळे म्हणतात, "आता दोन जिवांचं खायला हवं." खरोखर दुप्पट जेवायचे का?

दुप्पट जेवण्याची गरज नाही. पहिल्या तीन महिन्यांत उष्मांकांची गरज जवळजवळ वाढतच नाही. चौथ्या महिन्यापासून रोज सुमारे ३५० किलोकॅलरी जादा लागतात, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे प्रमाण आहे. ताटाच्या भाषेत सांगायचे तर ज्वारीची एक मध्यम भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि लहान पेलाभर दूध. प्रथिनांची गरज मात्र बरीच वाढते: दुसऱ्या तिमाहीत रोज साडेनऊ ग्रॅम आणि तिसऱ्या तिमाहीत २२ ग्रॅम जादा. म्हणून वाढीव घास भाताचा किंवा शिऱ्याचा घेण्यापेक्षा डाळ, उसळ, दूध, अंडी किंवा मासे यांचा घ्यावा.

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. अजूनही कित्येक घरांत सगळ्यांची पाने उठल्यावर सून जेवायला बसते. तोवर भाजीचे पातेले खरवडलेले असते आणि आमटीत डाळ कमी, पाणी जास्त उरलेले असते. अशा घरात दोन जिवांचे खा म्हणून सांगण्यात काही अर्थ नाही. तिच्या वाटणीची उसळ आधीच वाटीत काढून झाकून ठेवावी, किंवा सरळ तिला पहिल्या पंगतीला बसवावे.

२. वजन किती वाढलेले चालते?

ते गरोदर राहण्यापूर्वीच्या वजनावर अवलंबून आहे. उंचीच्या मानाने वजन योग्य असेल (बीएमआय १८.५ ते २४.९) तर पूर्ण नऊ महिन्यांत साडेअकरा ते सोळा किलो वाढ योग्य मानली जाते, मुळात सडपातळ असणाऱ्या स्त्रीची याहून थोडी जास्त, आणि मुळात वजन जास्त असणाऱ्या स्त्रीची सात ते साडेअकरा किलो. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात साधारण दहा ते बारा किलो वाढ धरतात. आकड्यापेक्षा वाढीची चाल महत्त्वाची आहे. तिसऱ्या तिमाहीत एकाच आठवड्यात अचानक दोन किलो वाढणे आणि चेहऱ्यावर सूज येणे हे खाण्याचे लक्षण नसून रक्तदाब तपासून घेण्याचे कारण आहे.

३. रोजच्या ताटात नेमके काय असावे? बदाम-अक्रोड परवडत नाहीत.

न परवडल्याने काही अडत नाही. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, बाजरीत गव्हापेक्षा जास्त लोह असते, आणि शेवग्याचा पाला तर पुष्कळ ठिकाणी फुकट मिळतो. दोन्ही वेळच्या जेवणात भाकरी किंवा पोळी, घट्ट डाळ किंवा उसळ, एक पालेभाजी (मेथी, राजगिरा, चाकवत, शेपू, जी मिळेल ती), दही किंवा ताक, आणि लिंबाची फोड असावी. मधल्या वेळी पेरू, केळे, मोसंबी, भाजलेले शेंगदाणे-फुटाणे किंवा नाचणीचे आंबील घ्यावे. दूध, दही आणि ताक मिळून दिवसभरात अर्धा लिटरपर्यंत पोटात जावे. बाजरी उष्ण म्हणून बंद करण्याचे कारण नाही. रोज बाजरीच खात आलेल्या स्त्रीने ती सोडून मैद्याची बिस्किटे धरणे हा तोट्याचा सौदा आहे.

४. तिसरा महिना आहे, पोटात काहीच ठरत नाही. बाळाची उपासमार होते का?

एवढ्यात होत नाही. या दिवसांत बाळ अगदी लहान असते आणि त्याला लागणारे घटक आईच्या साठ्यातून मिळतात. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी कोरडे काही (भाजलेले पोहे, खाकरा, टोस्ट) खाऊन पंधरा मिनिटे पडून राहावे. पोट पूर्ण रिकामे राहू देऊ नये आणि एका वेळी भरूही नये. जेवताना पाणी पिण्याऐवजी जेवणांच्या मध्ये घोटघोट प्यावे. फोडणीच्या वासाने उमळत असेल तर स्वयंपाक काही आठवडे दुसऱ्या कुणी करावा. हे नाटक नव्हे. आल्याचा तुकडा किंवा आलेपाक पुष्कळ जणींना उपयोगी पडतो. पाणीही उलटून पडत असेल, आठ तास लघवी झाली नसेल किंवा वजन उतरू लागले असेल, तर घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

५. रक्त वाढावे म्हणून रोज बीट, डाळिंब, खजूर आणि गूळ खाते. तरी हिमोग्लोबिन ९.२ कसे?

बीट आणि डाळिंब लाल आहेत म्हणून रक्त वाढवतात, ही समजूत केवळ रंगावरून आलेली आहे. दोन्हींच्या शंभर ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी लोह असते. गरोदरपणात रोजची गरज २७ मिलिग्रॅम आहे. गुळात लोह थोडे आणि साखर भरपूर. खजुराचेही जवळपास तसेच. ही फळे खाऊ नयेत असे नाही, पण त्यांच्या भरवशावर राहू नये.

लोह खरोखर मिळते ते बाजरी, मसूर, मटकी, चवळी, हळीव, पालेभाज्या, मांस आणि मासे यांतून. वनस्पतीतील लोह शरीरात कमी शोषले जाते, पण त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व असेल तर ते चांगले शोषले जाते. उसळीवर लिंबू पिळण्याची, ताटात आवळ्याचे लोणचे किंवा पेरूची कोशिंबीर ठेवण्याची आपली पद्धत याच कारणाने उत्तम आहे. जेवणावर लगेच घेतलेला चहा या सगळ्यावर पाणी फिरवतो (प्रश्न ८).

गर्भवतीचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय समजतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला होता. ९.२ हा आकडा आहाराने एकट्याने वर येणारा नाही. येथे गोळ्या लागतात, आणि त्याचा विचार पुढच्या उत्तरात केला आहे.

६. लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी, थायरॉइडची गोळी: कोणती कधी घ्यायची? आणि लोहाच्या गोळीने बाळ काळे होते का?

बाळ काळे होत नाही. काळी होते ती शौच, आणि ते निरुपद्रवी आहे. गोळीने बाळ फार मोठे होऊन अडते, हीदेखील अफवाच आहे. या दोन समजुतींमुळे गोळ्यांची लाल पाकिटे फडताळात तशीच पडून राहतात आणि आशाताईंनी विचारले की "संपल्या" असे उत्तर मिळते.

सरकारी पद्धत अशी आहे: पहिल्या तीन महिन्यांत फक्त फॉलिक ॲसिड (४०० मायक्रोग्रॅम), जे खरे तर गर्भधारणेच्या आधीपासून सुरू करावे, कारण बाळाच्या मज्जारज्जूची नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, जिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ती किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस घ्यायची. रक्तक्षय असेल तर मात्रा दुप्पट होते. शिवाय चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या, आणि दुसऱ्या तिमाहीत जंतांची एक गोळी.

लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतले की लोहाचे शोषण अडते, म्हणून त्यांत किमान दोन तासांचे अंतर हवे. सोपी वाट अशी: सकाळच्या न्याहारीनंतर एक कॅल्शियम, दुपारच्या जेवणानंतर दुसरे, आणि लोह रात्री झोपताना लिंबूपाण्याबरोबर. दुधाबरोबर लोह कधीही घेऊ नये.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर वेळापत्रक थोडे फिरते, कारण ती रिकाम्या पोटी घ्यायची आणि तिच्यानंतर चार तास लोह-कॅल्शियम टाळायचे. अशा वेळी सकाळी सहाला थायरॉइडची गोळी, दुपारी एकच्या जेवणानंतर कॅल्शियम, चार वाजता लिंबू सरबताबरोबर लोह, आणि रात्रीच्या जेवणानंतर दुसरे कॅल्शियम. यात चार वाजताचा चहा पाच-साडेपाचवर ढकलावा लागतो. वेळापत्रक मोडते ते बहुधा येथेच.

मळमळत असेल तर गोळी आपल्याच मनाने बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा दोष असेल, किंवा फिट्सची औषधे अथवा मधुमेह असेल, तर फॉलिक ॲसिडची मात्रा कितीतरी मोठी लागते. ती डॉक्टरच ठरवतात.

७. मला सिकलसेल आहे. मीही लोहाच्या गोळ्या घ्यायच्या का?

विचारल्याशिवाय घेऊ नयेत. विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागात हा प्रश्न वरचेवर येतो. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक आजार असलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन लोहाच्या कमतरतेशिवायही कमी असू शकते, आणि वारंवार रक्त चढवले असेल तर शरीरात लोह उलट साठलेले असते. आधी लोहाचा साठा तपासून मगच गोळी ठरते. फॉलिक ॲसिड मात्र अशा स्त्रियांना जास्त लागते.

८. चहा पूर्ण सोडायचा का?

सोडण्याची गरज नाही, आवरण्याची आहे. कॅफीन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे. दीडशे मिलिलिटर चहात साधारण ३० ते ६५, तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि फिल्टर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असते. म्हणजे चहाचे दोन कप निर्धास्त घ्यावेत. कोला पेयांतही कॅफीन असते, ते मोजावे, आणि एनर्जी ड्रिंक पूर्ण टाळावे. आमच्या मते चहाचा खरा उपद्रव कॅफीनपेक्षा त्यातील टॅनिनचा आहे, जे जेवणातील लोह बांधून ठेवते. म्हणून जेवणाआधी आणि जेवणानंतर एक-एक तास चहा नको. चहा-चपाती हीच ज्यांची न्याहारी आहे त्यांनी चहा बाजूला करून चपातीबरोबर उसळ, अंडे किंवा दही घ्यावे.

९. चुकून पपईची फोड खाल्ली. आता काय होईल?

पिकलेली असेल तर काहीही होणार नाही. आमच्याकडे येणारा सर्वांत घाबरलेला प्रश्न हाच असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कच्च्या आणि अर्धवट पिकलेल्या पपईत चीक असतो. या चिकामुळे उंदरांच्या गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात, असे प्रयोगांत दिसले आहे. पूर्ण पिकलेल्या पपईच्या रसाने तसे झाले नाही. म्हणून कच्च्या पपईची भाजी, कोशिंबीर, पराठा आणि मांस शिजवताना घातलेली कच्ची पपई टाळावी. पूर्ण पिवळी-केशरी, मऊ पपई फळ म्हणून खाल्ल्याने गर्भपात होत नाही. मन धजत नसेल तर खाऊ नये, दुसरी फळे पुष्कळ आहेत. पण एका फोडीपायी रात्रभर रडत बसू नये.

अननसातील ब्रोमेलिन मुख्यतः त्याच्या दांड्यात असते, आणि चार-दोन फोडींनी गर्भाला काही होत नाही. तीळही नेहमीच्या प्रमाणात, चटणीत किंवा संक्रांतीच्या लाडवात, चालतात.

१०. केशर-दूध, शहाळे, पांढरे पदार्थ खाल्ले की बाळ गोरे होते का?

होत नाही. त्वचेचा रंग आईवडिलांकडून येतो. शहाळे जरूर प्यावे, पण उन्हाळ्यात तहान भागते म्हणून.

११. आम्ही कोकणातले; मासे बंद करायला सांगितले आहेत. खरेच बंद करायचे?

उलट, आठवड्यातून दोन-तीनदा खावेत. बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागणारी ओमेगा-३ मेदाम्ले बांगडा आणि तारली या स्वस्त माशांत भरपूर असतात. बोंबील, मांदेली, कोळंबी, पेडवे हेही चांगले. काळजी घ्यायची ती पाऱ्याची, आणि पारा साचतो तो इतर माशांवर जगणाऱ्या मोठ्या, दीर्घायुषी माशांत. त्यामुळे मोरी म्हणजे मुशी पूर्ण टाळावी. ती शार्कच असते, आणि काही घरांत दूध वाढावे म्हणून बाळंतिणीला आवर्जून देतात, तेही टाळलेले बरे. मोठ्या सुरमईची तुकडी कधीतरी चालेल, रोज नको.

तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवे खाडीच्या पाण्यातले सगळे गाळून आपल्यात साठवतात, म्हणून ती स्वच्छ ठिकाणची आणि पूर्ण शिजवलेलीच खावीत. सुकट आणि सुका बोंबील चालतात, पण त्यांतील मिठाचा विचार करून भाजीत मीठ कमी घालावे.

१२. अंडी, मटण, कलेजी?

अंडे पिवळा बलक घट्ट होईपर्यंत उकडलेले हवे. हाफ फ्राय आणि घरी केलेले कच्च्या अंड्याचे मेयोनीज नको. मटण-चिकन आतपर्यंत शिजलेले असावे, कारण अर्धकच्च्या मांसातून टोक्सोप्लाझ्मासारखे परजीवी गर्भापर्यंत पोहोचू शकतात. कच्चे मांस चिरलेल्या विळीवर किंवा पाटावर लगेच काकडी चिरू नये.

कलेजीचे प्रकरण नाजूक आहे. रक्त वाढावे म्हणून ती आग्रहाने खाऊ घालतात आणि तिच्यात लोह खरोखरच भरपूर असते, पण अ जीवनसत्त्व इतके असते की गर्भाला, विशेषतः पहिल्या तिमाहीत, ते अपायकारक ठरू शकते. लोहासाठी गोळी हाताशी असताना ही जोखीम घेण्याचे कारण दिसत नाही. गाजर किंवा भोपळ्यातील अ जीवनसत्त्वाच्या पूर्वरूपाला ही भीती लागू नाही.

१३. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. काही कमी पडेल का?

प्रथिने वरण, उसळी, दूध, पनीर, सोयाबीन आणि शेंगदाणे यांतून पुरी होतात. कमी पडते ते ब-१२ जीवनसत्त्व, जे वनस्पतींत नसतेच. रोज दूध-दही घेणाऱ्यांतही त्याची कमतरता वारंवार सापडते, म्हणून पहिल्याच तपासणीत ब-१२ पाहून घ्यावे आणि कमी असल्यास गोळी किंवा इंजेक्शन घ्यावे. दूधही न घेणाऱ्या स्त्रीला ते बाहेरून घेण्यावाचून पर्याय नाही.

१४. पाणीपुरी खावीशी वाटते. डोहाळे पुरवायलाच हवेत ना?

पुरवावेत, पण घरी. पुरी, रगडा, आंबट-तिखट यांतले काहीच गर्भाला वाईट नाही. प्रश्न आहे तो फक्त पाण्याचा. दूषित पाण्यातून हेपटायटिस ई नावाची कावीळ होते. एरवी ती बरी होऊन जाते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत झाली तर जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार शंभरांतील वीस-पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. ही भीती कागदी नाही: २०१२ मध्ये इचलकरंजीत पिण्याच्या पाण्यातूनच काविळीची मोठी साथ आली होती. पपईला घाबरणाऱ्या घरातून कोपऱ्यावरच्या गाडीवरचा बर्फ घातलेला उसाचा रस निर्धास्त मागवला जातो, तेव्हा हसावे की रडावे कळत नाही.

घरी उकळून गार केलेल्या पाण्यात पुदिना-चिंच घालून पाणीपुरी करावी आणि पोटभर खावी. पावसाळ्यात पाणी उकळी फुटल्यावरही काही मिनिटे उकळू द्यावे. दिवसभरात अडीच ते तीन लिटर पाणी जावे. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे असे समजावे.

१५. खरवस, पनीर, मोड आलेली कडधान्ये चालतात का?

नीट शिजवून चालतात. न तापवलेले दूध मात्र कधीही घेऊ नये, गोठ्यातले धारोष्ण असले तरी. त्यातून ब्रुसेला आणि लिस्टेरिया यांसारखे जंतू येतात. खरवस व्यवस्थित वाफवलेला असला तर चालतो. ताजे पनीर शिजवून खावे.

मोड आलेले मूग-मटकी पौष्टिक म्हणून कच्चेच खाण्याची पद्धत पडली आहे, ती गरोदरपणात सोडावी. मोड येण्यासाठी लागणारा ओलावा आणि ऊब जंतूंनाही तितकीच मानवते. उसळ करावी, किंवा किमान नीट वाफवून घ्यावे.

१६. मला माती आणि पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते. कुणाला सांगायची लाज वाटते.

लाजण्यासारखे काही नाही. भाजकी माती, पेन्सिल, खडू, कच्चे तांदूळ यांची ओढ बहुधा रक्तक्षयाबरोबर दिसते, आणि लोह भरून आले की पुष्कळदा ती आपोआप ओसरते. माती मात्र खाऊ नये: तिच्यातून जंत आणि शिसे पोटात जाऊ शकतात, आणि अन्नातील लोहाचे शोषण आणखी घटते. तपासणीला गेल्यावर हे डॉक्टरांना किंवा नर्सताईंना स्पष्ट सांगावे. तोंडात काहीतरी कुरकुरीत हवेच असेल तर भाजलेले फुटाणे जवळ ठेवावेत.

१७. दारू कधीतरी चालते का? आणि मशेरी?

गरोदरपणात दारूचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही, त्यामुळे एक पेलाही नको. मशेरीविषयी आम्हांला फार कमी विचारले जाते, आणि तेच खटकते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती गिळली नाही, केवळ हिरड्यांना चोळली, तरी निकोटीन रक्तात आणि तेथून बाळापर्यंत जाते. बाळ कमी वजनाचे होणे, दिवस भरण्याआधी जन्मणे, पोटातच दगावणे या धोक्यांशी तिचा संबंध आहे. सकाळी मशेरीशिवाय पोट साफ होत नाही असे अनेक जणी सांगतात. त्यांच्यासाठी प्रश्न २१ मधील उपाय आहेत. एकाच घरात सासू आणि सून दोघी मशेरी लावत असतील तर सुनेचे एकटीने सुटणे कठीण, म्हणून दोघींनी मिळून सोडावी.

१८. उपवास करावेत का? हरतालिका तर निर्जळ असते.

निर्जळ उपवास करू नये. संकष्टीला चंद्रोदय रात्री नऊच्या सुमारास होतो, आणि तोवर सकाळच्या साबुदाणा खिचडीवर राहणे म्हणजे नुसत्या पिष्टावर दिवस काढणे. उपवास मोडवत नसेल तर दर दोन-तीन तासांनी काही खावे: राजगिऱ्याची लाही दुधातून, शेंगदाण्याची आमटी आणि भगर, दही, रताळे, फळे. भगर जुनी, कुबट वासाची किंवा सुट्या पिठाची घेऊ नये. तिला बुरशी लागून विषबाधा होते. रमजानच्या रोज्यांतूनही गर्भवतीला सवलत आहे आणि ते नंतर भरून काढता येतात. मधुमेह असल्यास कोणताही उपवास नको.

१९. ग्रहणात पाणी प्यायले तर बाळाला व्यंग येते का?

येत नाही. दुभंगलेल्या ओठाचा ग्रहणाशी किंवा त्या वेळी चिरलेल्या भाजीशी काही संबंध नाही. तहान लागली की पाणी प्यावे, भूक लागली की जेवावे, गोळीची वेळ झाली की गोळी घ्यावी.

२०. साखरेच्या तपासणीत १५२ आले. आता भात, फळे सगळे बंद?

७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी केलेल्या तपासणीत १४० किंवा अधिक साखर आली तर गरोदरपणातील मधुमेह धरतात. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत होते. पुष्कळ जणींची साखर सुमारे दोन आठवड्यांच्या आहारबदलाने आणि चालण्याने आटोक्यात येते. नाही आली तर औषध किंवा इन्सुलिन लागते, आणि त्यात आईचा काही दोष नसतो.

भात बंद करू नये, मोजावा: एक वाटी भात, त्याबरोबर दोन वाट्या डाळ-भाजी. भाकरी पोळीपेक्षा बरी. फळ अख्खे खावे, रस नको. एका वेळी एकच, जेवणाला जोडून नव्हे तर मधल्या वेळी. गूळ, मध आणि खजूर साखरेतच मोजावेत, "नैसर्गिक" असले तरी. उपाशी राहून साखर कमी करण्याचा प्रयत्न बाळाला घातक ठरू शकतो.

२१. बद्धकोष्ठ आणि छातीत जळजळ. एरंडेल घेऊ का?

एरंडेल नको, त्याने गर्भाशयाच्या कळा सुरू होऊ शकतात. रात्री भिजवलेले काळे मनुके किंवा अंजीर, सालासकट फळे, पालेभाजी, सकाळी कोमट पाणी आणि रोजचे चालणे यांनी भागले नाही तर इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्यावा. जळजळीसाठी थोडे-थोडे जेवावे, रात्रीचे जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी उरकावे, डोक्याकडची बाजू उंच ठेवावी आणि डाव्या कुशीवर झोपावे.

२२. पायांना सूज आहे. मीठ बंद करून सैंधव सुरू केले, बरोबर ना?

दोन्ही गोष्टी चुकल्या. संध्याकाळी पायांवर येणारी थोडी सूज सर्वसाधारण आहे आणि मीठ तोडल्याने रक्तदाबाचा आजार टळत नाही. पापड-लोणची आवरली तरी पुरे. बाजारात मिळणाऱ्या सैंधवात सहसा आयोडीन घातलेले नसते, आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीला आयोडीन अत्यावश्यक असते. म्हणून आयोडीनयुक्त मीठच वापरावे. उपवासाच्या दिवशी सैंधव चालेल. सुजेबरोबर डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा वरच्या पोटात दुखणे असेल तर त्याच दिवशी रक्तदाब तपासावा.

२३. वैद्यांचे काढे, प्रोटीन पावडर, हळद-दूध?

चिमूटभर हळदीचे दूध, जिरे, ओवा, बडीशेप हे स्वयंपाकातल्या प्रमाणात निर्धोक आहे. भस्मे, नाव न लिहिलेल्या पुड्या आणि ऐकीव काढे नकोत. काही भस्मांत शिसे सापडलेले आहे. ज्येष्ठमध रोज आणि जास्त घेऊ नये. प्रोटीन पावडर बहुतेकींना लागत नाही, आणि तिच्या डब्याच्या किमतीत महिनाभराची अंडी आणि डाळ येते.

२४. मी इंग्लंडमध्ये राहते. येथे लोहाच्या गोळ्या दिल्याच नाहीत. आईला काळजी वाटते.

तेथे सर्वांना सरसकट लोह देण्याची पद्धत नाही. सुरुवातीला आणि २८ व्या आठवड्याच्या सुमारास रक्त तपासतात, आणि हिमोग्लोबिन पहिल्या तिमाहीत ११० च्या किंवा नंतर १०५ च्या खाली असेल तरच गोळी देतात. तेथील ११० म्हणजे आपल्याकडचे ११, एकक वेगळे एवढेच. बारा आठवड्यांपर्यंत फॉलिक ॲसिड आणि पूर्ण काळ रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व तेथे सांगतात. कमी उन्हात राहणाऱ्या सावळ्या त्वचेच्या स्त्रियांनी ते चुकवू नये. आईने भारतातून पाठवलेल्या लोहाच्या गोळ्या तेथील दाईला दाखवूनच घ्याव्यात.

२५. अंगणवाडीतून आणि सरकारकडून काय मिळते?

अंगणवाडीत नाव नोंदवल्यावर गर्भवतीला पूरक आहार मिळतो. त्याचे ठरलेले प्रमाण रोज ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने असे आहे. ते पाकीट घरातल्या सर्वांत वाटले गेले तर तिच्या वाट्याला दोन चमचे येतात, हे ध्यानात असावे. अनुसूचित आदिवासी क्षेत्रात २०१५ पासून डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत एक वेळचे गरम, पूर्ण जेवण दिले जाते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी असते. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पात्र स्त्रीच्या खात्यात ५,००० रुपये जमा होतात. अर्ज आशाताई भरून देतात.

२६. नवव्या महिन्यात तूप प्यायल्याने बाळंतपण सोपे होते का? हळिवाचे लाडू कधी सुरू करायचे?

तूप पोटात पचते; ते जन्ममार्गापर्यंत जाऊन बाळाची वाट गुळगुळीत करीत नाही. भाकरीवर चमचाभर घ्यावे, वाटीने पिऊ नये. हळिवाचे आणि डिंकाचे लाडू परंपरेने बाळंतपणानंतरचे आहेत. जेवणातले चमचाभर हळीव ठीक, पण रोजच्या लाडवांचा डबा बाळ झाल्यावरच उघडावा.

कळा सुरू झाल्यावर, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर, पेज, ताक, साखर-मिठाचे पाणी असे हलके घेत राहावे. सिझेरियन आधीच ठरले असेल तर भूल देण्यापूर्वी सहा तास घन अन्न आणि दोन तास पाणीही बंद असते. घरच्यांनी प्रेमाने भरवलेला पहाटेचा शिरा किंवा दुधाचा कप लपवू नये. तो भूलतज्ज्ञांना नक्की सांगावा.